देव बेटावर, भाविक फेरीबोटीत : हाँगकाँगच्या सागरी सणांची ओळख

हाँगकाँगचे नाव निघताच उंच इमारतींची दाटी, बँका आणि गजबजलेले बंदर हेच चित्र बहुतेकांच्या मनात उभे राहते. परंतु या प्रदेशाच्या हद्दीत २६०हून अधिक बेटे आहेत, त्यांतील बहुसंख्य निर्मनुष्य आहेत, आणि ज्या थोड्या बेटांवर वस्ती आहे त्यांतील अनेकांना आजही पुलाने जाता येत नाही, बोट हीच त्यांची एकमेव वाट आहे. ब्रिटिशांच्या ताब्यात हा प्रदेश टप्प्याटप्प्याने आला : हाँगकाँग बेट १८४२च्या नानकिंग तहाने, समोरचे कौलून द्वीपकल्प १८६० साली, आणि ‘नवा मुलूख’ म्हणून ओळखला जाणारा उत्तरेकडचा विस्तृत भाग व त्याच्या भोवतीची दोनशेहून अधिक बेटे १८९८ साली ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. १ जुलै १९९७ रोजी हा सारा प्रदेश चीनकडे परत गेला. मधल्या काळात चीनच्या मुख्य भूमीवर, विशेषतः १९६६ ते १९७६ या सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात, देवळे, मिरवणुका आणि पितरांचे विधी यांवर कठोर घाला पडला; हाँगकाँगवर मात्र चीनचे राज्य नसल्याने तेथील कोळीवाड्यांतले उत्सव त्या आघातातून वाचले. याला राजकीय कारण आहे, तसेच एक भौगोलिक कारणही आहे, आणि ते फारसे सांगितले जात नाही. शहर वाढत गेले तसतसे त्याने जमिनीवरची जुनी गावे गिळली, पण मध्ये पाणी असल्यामुळे बेटांवरची गावे, त्यांची देवळे आणि देवळांभोवतीची मोकळी पटांगणे शिल्लक राहिली. आज हाँगकाँगचा रहिवासी सणाच्या दिवशी सकाळी फेरीबोट पकडतो आणि रात्री घरी परततो, तेव्हा तो एका अर्थी आपल्याच शहराच्या जुन्या रूपाकडे जाऊन येत असतो.

हे सण केव्हा येतात हे समजून घेण्यासाठी चिनी पंचांगाची रचना पाहावी लागते, आणि मराठी वाचकाला ती आश्चर्य वाटावे इतकी ओळखीची वाटेल. चिनी पंचांग चांद्र-सौर आहे, म्हणजे महिने चंद्राचे पण वर्षाचा मेळ सूर्याशी घातलेला. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, ज्याला अमान्त पद्धत म्हणतात. चिनी महिनाही अमावास्येशीच बांधलेला असून ज्या दिवशी सूर्य-चंद्राची युती होते तो त्याचा पहिला दिवस असतो. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही तो आपल्याकडे अधिक मास ठरतो. चिनी पंचांगातही सूर्यमार्गाचे ३०-३० अंशांवर बारा टप्पे मानलेले आहेत आणि ज्या महिन्यात असा एकही टप्पा येत नाही तो सामान्यतः जादा महिना धरला जातो. फरक एवढाच की आपले पंचांग निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या संदर्भाने राशी मोजणारे आहे, तर चिनी पंचांग सायन, म्हणजे ऋतुचक्राला धरून सूर्याचे स्थान मोजणारे आहे. त्यामुळे दोघांचा जादा महिना नेहमी एकाच वेळी येत नाही. जेव्हा हिशेब जुळतो तेव्हा चिनी पहिला महिना म्हणजे आपला माघ, चौथा म्हणजे वैशाख, सातवा म्हणजे श्रावण आणि नववा म्हणजे आश्विन. २०२४ साली चिनी चौथ्या महिन्याचा आठवा दिवस १५ मे रोजी, आपल्या वैशाख शुद्ध अष्टमीला आला, आणि नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी येणारा पितृस्मरणाचा सण आपल्या नवरात्राच्या अखेरीस पडला. २०२५ साली मात्र चिनी पंचांगात सहावा महिना दोनदा आल्याने त्यांचा शरदातील चंद्रोत्सव, जो एरवी भाद्रपदी पौर्णिमेला येतो, तो ६ ऑक्टोबरला, नेमका कोजागरीच्या रात्री आला. एकाच चंद्राकडे पाहत एके ठिकाणी आटीव दूध आणि दुसऱ्या ठिकाणी कमळबियांच्या सारणाचे चंद्रकेक खाल्ले गेले, हा योग पंचांगाच्या गणितातून आपोआप जुळून आला.

बेटांवरचे सण ज्यांनी घडवले ते लोक मुळात बेटांवर राहत नव्हते, ते बोटींत राहत. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या होडीतच जन्म, लग्न आणि मरण पाहणारा एक मोठा समाज होता. जमिनीवरचे लोक त्यांना ‘तान्का’ म्हणत, पण त्या शब्दात तुच्छता भरलेली असल्याने ते स्वतःला ‘पाण्यावरची माणसे’ म्हणवून घेतात. त्यांच्या शेजारी हॉक्लो नावाचा दुसरा मच्छीमार समाज होता, ज्याची बोली आणि देवकार्याच्या रीती वेगळ्या होत्या. अशा लोकांना किनाऱ्याची गरज पडे ती मासळी विकायला, तांदूळ आणि मीठ घ्यायला, होडीचा तळ साफ करायला आणि देवाला भेटायला. म्हणून त्यांची देवळे सुरक्षित खाडीच्या तोंडाशी, समुद्राकडे तोंड करून उभी आहेत, आणि देवाचा वाढदिवस म्हणजे विखुरलेल्या होड्यांनी एका खाडीत जमण्याचा दिवस असे. बेटावरच्या सणाला बोटीने जाणे ही आजच्या पर्यटकाला गंमत वाटत असली, तरी मूळ भाविकांसाठी पाण्यावरून येणे हीच नेहमीची रीत होती.

या लोकांच्या देवतांमध्ये पहिला मान तिन हाउचा, म्हणजे ‘स्वर्गसम्राज्ञी’चा. परंपरेनुसार ती फूच्येन प्रांतातील मेइचौ या छोट्या बेटावर इ. स. ९६० साली लिन घराण्यात जन्मली. जन्मताना ती रडली नाही म्हणून तिच्या नावात ‘मौन’ असा अर्थ असलेले अक्षर आले, आणि वादळात सापडलेल्या खलाशांना ती वाचवते अशी तिची ख्याती झाली. मुख्य भूमीवर आणि तैवानात तिला माझू, म्हणजे ‘आईआजी’ अशा जवळिकीच्या नावाने हाक मारतात, आणि तिच्या उपासनेची परंपरा युनेस्कोने २००९ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. तिचा जन्मदिवस तिसऱ्या महिन्याच्या तेविसाव्या दिवशी येतो. दुसरा पाक ताई, उत्तर दिशेचा अधिपती, ज्याच्या पायांखाली कासव आणि सर्प दाखवतात आणि ज्याची सत्ता पाण्यावर चालते. तिसरा हुंग शिंग, जो तांग राजवटीतील एक अधिकारी होता आणि हवामानाचे अचूक अंदाज सांगून मच्छीमारांचे प्राण वाचवी, अशी आख्यायिका आहे.

या बेटांना शहराशी जोडणाऱ्या फेरीबोटींच्या इतिहासात मुंबईचा एक धागा गुंफलेला आहे. दोराबजी नवरोजी मिठाईवाला हा पारशी तरुण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईहून हाँगकाँगला पोहोचला. जहाजावर लपून तो आला, असे सांगितले जाते. आचारी आणि पाववाला म्हणून सुरुवात करून तो हॉटेलांच्या व्यवसायात स्थिरावला, आणि हाँगकाँग बेट व कौलून यांच्यामध्ये त्याने वाफेच्या लाँचची सेवा सुरू केली, जिला १८८८ साली रीतसर कंपनीचे रूप आले. त्याच्या लाँचच्या नावांत ‘स्टार’ हा शब्द असे, आणि १८९८ साली हा व्यवसाय दुसऱ्या हातात गेला तेव्हा कंपनीचे नावच ‘स्टार फेरी’ पडले, जे आज हाँगकाँगची ओळख बनले आहे. दूरच्या बेटांची वाहतूक मात्र प्रामुख्याने १९२३ साली स्थापन झालेल्या हाँगकाँग अँड यौमाती फेरी कंपनीने दीर्घकाळ सांभाळली, आणि २०००च्या आरंभी ती अन्य कंपन्यांकडे गेली. सध्या हाँगकाँग बेटाच्या मध्यवर्ती भागातील धक्का क्रमांक ४ वरून लामा बेटाच्या, ५ वरून चेउंग चाऊच्या आणि ६ वरून पेंग चाऊ व लांताऊ बेटावरील मुई वो गावाच्या बोटी सुटतात. याखेरीज ‘काइतो’ नावाच्या लहान, परवानाधारक लाँच आहेत, ज्या मोजकेच प्रवासी घेऊन आडबाजूच्या बेटांना जातात. या शब्दाचा शब्दशः अर्थ ‘गल्लीतली तर’ असा होतो, आणि समुद्राला गल्ली मानणाऱ्या समाजाची दृष्टी त्या एका शब्दात उतरली आहे. वेधशाळेने वादळाचा ८ क्रमांकाचा इशारा लावला की ही सारी वाहतूक थांबते आणि बेटे पुन्हा बेटे होतात.

या सर्व सणांत सर्वाधिक प्रसिद्धी चेउंग चाऊच्या उत्सवाला मिळाली आहे. या नावाचा अर्थ ‘लांब बेट’. ते हाँगकाँग बेटाच्या नैर्ऋत्येस सुमारे १० किलोमीटरवर असून क्षेत्रफळ अडीच चौरस किलोमीटरांच्या आत आहे. मुळात हे दोन वेगळे डोंगर होते. लाटांनी त्यांच्यामध्ये वाळू साठवून एक अरुंद पट्टी तयार केली, ज्याला भूगोलात टोंबोलो, म्हणजे बेटांना जोडणारा वाळूचा दांडा म्हणतात, आणि या पट्टीवरच बेटाचे दाट गाव वसले आहे. एका बाजूला नांगरलेल्या होड्यांचे बंदर, दुसऱ्या बाजूला पुळण, आणि मधले अंतर काही मिनिटांत चालून संपणारे. खासगी मोटारी येथे नाहीत. सायकली, ढकलगाड्या, आणि गल्लीबोळांत शिरू शकतील अशा चिमुकल्या अग्निशामक गाड्या व रुग्णवाहिका यांवर काम भागते. १९७० साली येथे कातळात कोरलेल्या प्राचीन आकृत्या सापडल्या, ज्यांचे वय सुमारे ३,००० वर्षे मानले जाते. १९९६च्या ऑलिंपिकमध्ये शिडाच्या फळीवरील शर्यतीत हाँगकाँगला पहिले सुवर्णपदक मिळवून देणारी ली लाय-शान याच बेटावर वाढली.

येथील पाक ताईचे देऊळ १७८३ सालचे. लोकपरंपरा सांगते की बेटावर एकदा साथीच्या रोगाने माणसे पटापट मरू लागली, चाचेगिरीच्या काळात मारल्या गेलेल्यांचे अतृप्त आत्मे हे त्याचे कारण समजले गेले, आणि पाक ताईची मूर्ती गल्लीगल्लीतून मिरवल्यावर साथ ओसरली. हा सारा किनारा एके काळी चाच्यांचा होता : बेटाच्या टोकाशी चेउंग पो त्साय या चाच्याच्या नावाची एक अरुंद गुहा दाखवली जाते, आणि तो १८१० साली चिनी सरकारला शरण गेला ही इतिहासात नोंदलेली घटना आहे. या पार्श्वभूमीमुळे उत्सवाचे खरे नाव समजते. स्थानिक लोक त्याला ‘ताइ पिंग छिंग जिउ’ म्हणतात. ‘जिउ’ म्हणजे ताओ पंथाच्या पुरोहितांनी संपूर्ण गावाच्या वतीने केलेली शांती, जिच्यात गावाची शुद्धी, देवांना आवाहन आणि बेवारस आत्म्यांना अन्नदान या तिन्ही गोष्टी येतात. इंग्रजीतून त्याला पावांचा उत्सव हे नाव मिळाले आणि तेच जगभर रुळले, पण त्यामुळे या विधीच्या गाभ्याकडे दुर्लक्ष होते. ज्यांच्यामागे पाणी द्यायला कोणी उरले नाही अशा मृतांची सोय गावाने सामूहिकपणे करावी, ही त्यामागची कल्पना अतिशय हृद्य आहे, आणि पाव हे त्या मृतांसाठी वाढलेले पान आहे.

हे पाव भट्टीत भाजत नाहीत, वाफेवर शिजवतात. आत कमळबियांचे, तिळाचे किंवा लाल चवळीच्या जातीच्या कडधान्याचे गोड सारण असते, आणि पांढऱ्याशुभ्र पृष्ठभागावर ‘पिंग ओन’, म्हणजे ‘क्षेम’, अशी दोन अक्षरे लाल रंगात छापलेली असतात. मुख्य दिवसांत सारे बेट मांस-मासळी वर्ज्य करते. ज्या बेटाची ख्यातीच बंदराकाठच्या मासळीच्या खाणावळींवर उभी आहे तेथे त्या खाणावळी भाज्या आणि सोयाबीनचे पदार्थ रांधतात, आणि बर्गर विकणाऱ्या जागतिक साखळीच्या दुकानातही तेवढ्यापुरता अळंबीचा बर्गर मिळतो. देवळासमोर बांबू आणि कापडाचा रंगमंच उभा राहतो, त्यावर देवांसाठी संगीत नाटके होतात, आणि पटांगणात कागद व बांबूच्या भव्य आकृत्या मांडल्या जातात, ज्यांत भुतांवर अंकुश ठेवणारा ‘ताय सी वोंग’ हा उग्र चेहऱ्याचा देव प्रमुख असतो. अन्नाचा वाटा सर्व आत्म्यांना नीट पोहोचतो की नाही हे पाहण्याचे काम त्याचे. ते झाले की त्याची आकृती अग्नीच्या स्वाधीन केली जाते.

चौथ्या महिन्याच्या आठव्या दिवशी दुपारी निघणारी मिरवणूक ही पाहणाऱ्यांच्या दृष्टीने उत्सवाची परमोच्च घटका होय. तिच्यातील ‘पियु सिक’ म्हणजे तरंगती दृश्ये : लहान मुले रंगीबेरंगी वेशात गर्दीच्या डोक्यांवरून हवेत चालल्यासारखी पुढे सरकतात, आणि एखादी मुलगी पंख्याच्या कडेवर किंवा तलवारीच्या टोकावर उभी असल्याचा भास होतो. त्यामागची करामत लोखंडी सांगाड्याची आहे. पोलादी कांब मुलाच्या अंगाच्या मापाने वाकवून तिच्यावर बैठक बसवतात, कपड्यांच्या घोळात ती पूर्ण झाकली जाते, आणि खालचा भार माणसे चाकांच्या चौकटीवर वाहून नेतात. वेश पूर्वी पुराणकथांतले असत. अलीकडे त्यांत राजकारणी, खेळाडू आणि त्या वर्षी गाजलेल्या व्यक्तीही दिसतात, आणि बेटावरच्या लोकांना शहराविषयी जे म्हणायचे असते ते या मुलांच्या वेशांतून म्हटले जाते. शेजारच्या वाड्यांची सिंहनृत्याची पथके आणि ढोल या सांगाड्यांबरोबर चालतात. उन्हाळ्याच्या दमट हवेत तासन्‌तास ताटकळणाऱ्या त्या लहानग्यांसाठी पालक पंखे आणि पाणी घेऊन बाजूने धावत असतात, हे दृश्यही मिरवणुकीइतकेच पाहण्याजोगे असते.

मध्यरात्री पावांच्या मनोऱ्यावरची चढाई होते. पूर्वी देवळापुढे सुमारे १८ मीटर उंचीचे तीन बांबूचे मनोरे पावांनी मढवले जात, आणि भुतांचे जेवण झाल्याचा संकेत मिळताच तरुणांचे जथे एकदम वर झेपावत. जितका पाव उंचावरचा तितके त्याचे पुण्य अधिक. १९७८ साली चढाई चालू असताना मनोरा कोसळून अनेक जण जखमी झाले आणि शासनाने चढाई बंद केली. पुढची २५हून अधिक वर्षे मनोरे फक्त दर्शनापुरते उभे राहिले. २००५ साली प्रथा पुन्हा सुरू झाली, पण नव्या अटींवर : चढाईसाठी सुमारे १४ मीटरचा पोलादी सांगाड्याचा एक मनोरा, अंतिम फेरीत प्राथमिक स्पर्धेतून निवडलेले १२ स्पर्धक, प्रत्येकाच्या कमरेला सुरक्षादोर, तीन मिनिटांची वेळ, आणि उंचीनुसार गुण. २००७पासून या मनोऱ्यावर खऱ्या पावांऐवजी प्लॅस्टिकचे पाव लावले जातात, कारण खरे पाव पायाखाली तुडवले जाऊन वाया जात आणि पावसात भिजून निसरडे होत. हा बदल अनेकांना खटकतो, आणि त्यांच्या खंतीत तथ्य आहे, कारण स्पर्धेतल्या पावात मृतांचा वाटा उरत नाही. मात्र देवळाशेजारी खऱ्या पावांचे मनोरे आजही उभारले जातात आणि ते पाव दुसऱ्या दिवशी लोकांना प्रसादासारखे वाटले जातात, म्हणजे विधी आणि खेळ यांची फारकत झाली तरी विधी संपलेला नाही.

तारखेच्या बाबतीतही असाच समझोता झाला. पूर्वी उत्सवाचा मुहूर्त पाक ताईपुढे कौल लावून ठरे. अर्धचंद्राकृती दोन लाकडी फळ्या जमिनीवर टाकून त्यांच्या पालथे-उताणे पडण्यावरून देवाचे मत जाणून घेण्याची ही पद्धत कोकणातील वाचकांना परकी वाटणार नाही. त्यामुळे दिवस दरवर्षी बदलत असे आणि गावाबाहेरच्यांना तो उशिरा कळे. १९९९पासून चौथ्या महिन्याच्या आठव्या दिवशी येणाऱ्या बुद्धजयंतीला हाँगकाँगमध्ये सार्वजनिक सुट्टी मिळू लागली, आणि पुढे उत्सवाचा मुख्य दिवसही याच तिथीला स्थिर झाला. साध्या फेरीबोटीने सुमारे ५५ मिनिटांच्या आणि वेगवान बोटीने त्याहून बऱ्याच कमी वेळाच्या या प्रवासासाठी त्या दिवशी धक्का क्रमांक ५ वर रांगा लागतात, जादा बोटी सोडल्या जातात, आणि मध्यरात्रीची चढाई पाहून परतणाऱ्यांसाठी रात्रभर फेऱ्या चालू राहतात. २०११ साली हा उत्सव चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट झाला.

त्याच वर्षी त्या यादीत आलेला ताई ओ येथील विधी मात्र तुलनेने शांत आहे, आणि कदाचित म्हणूनच त्यात जुने रूप अधिक टिकले आहे. ताई ओ हे लांताऊ बेटाच्या पश्चिम टोकावरचे खाडीकाठचे गाव. मुई वोपर्यंत फेरीबोट आणि पुढे डोंगरातून बस, अशी तेथे जाण्याची एक वाट आहे. मच्छीमारांनी चिखलात खांब रोवून त्यांवर बांधलेली घरे, मिठागरांच्या खुणा आणि उन्हात वाळणारी कोळंबीची चटणी यांसाठी ते ओळखले जाते. पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी, आपल्या ज्येष्ठ शुद्ध पंचमीच्या सुमारास, चीनभर ड्रॅगनमुखी होड्यांचा सण होतो. त्याची रूढ कथा छू राज्याचा कवी आणि मंत्री छू युआन याची आहे, ज्याने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात मिलुओ नदीत देह टाकला आणि ज्याचा शोध घेण्यासाठी लोक होड्या घेऊन धावले असे मानतात. हाँगकाँगमध्ये १९७६ साली आंतरराष्ट्रीय शर्यती सुरू झाल्यावर या सणातून एक आधुनिक क्रीडाप्रकार जन्मला. ताई ओमध्ये शर्यतीच्या आधी वेगळेच काही घडते. गावातील मच्छीमारांचे तीन संघ ड्रॅगन-होड्या वल्हवत चार देवळांतील देव आणतात, त्यांना छोट्या होडीत बसवतात, ती होडी ड्रॅगन-होडीमागे बांधून खाडीच्या फाट्यांतून घरांच्या अगदी उंबऱ्याखालून फिरवतात, आणि पाण्यात मेलेल्यांच्या शांतीसाठी कागद जाळतात. खांबांवरच्या घरांतील माणसे होडी समोर आली की हात जोडतात आणि आपापल्या घरापुढेही कागदाची आहुती देतात. येथेही मूळ कारण साथीच्या रोगाचे सांगितले जाते, आणि हा विधी शतकाहून जुना आहे.

तिन हाउच्या जन्मदिवशी बोटींची दिशा पूर्वेकडे वळते. क्लिअर वॉटर बे द्वीपकल्पाच्या टोकाशी, तुंग लुंग बेटासमोरच्या खाडीत, तिचे ‘थोरले देऊळ’ आहे; परंपरेनुसार ते १२६६ साली वादळातून वाचलेल्या लाम घराण्यातील दोघा भावांच्या वंशजांनी बांधले, आणि त्याच्या मागच्या कातळावर १२७४ साली तेथे येऊन गेलेल्या एका मीठ-अधिकाऱ्याचा लेख कोरलेला आहे, जो हाँगकाँगमधील काल नोंदलेला सर्वांत जुना शिलालेख ठरतो. सणाच्या वेळी शहरातील नॉर्थ पॉइंटच्या धक्क्यावरून या खाडीपर्यंत खास बोटी सोडल्या जातात आणि मच्छीमारांच्या पताका लावलेल्या होड्या वाजतगाजत येतात. प्रत्येक मंडळ ‘फा पाउ’ नावाची, कागदी फुलांनी व देवतेच्या मूर्तीने सजवलेली उंच मखरे आणते. पूर्वी दारूने उडवलेल्या नळीतून कडे वर फेकत आणि ते ज्याच्या हाती लागे त्याला वर्षभर ते भाग्यवान मखर मिळे. त्या धडपडीत मारामाऱ्या होत, आणि १९६७च्या अशांततेनंतर दारूकामावर बंदी आल्यावर चिठ्ठ्या टाकून वाटणी करण्याची पद्धत सर्वत्र रुळली.

सर्वांत दक्षिणेकडच्या पो तोई या जवळजवळ ओस पडलेल्या बेटावर हाच सण वेगळ्या तऱ्हेने मनाला भिडतो. एरवी तेथे हाँगकाँग बेटावरील अॅबर्डीन किंवा स्टॅनलेहून आठवड्यातील ठरावीक दिवशीच काइतो जाते. सणाच्या वेळी मात्र समुद्रकाठच्या कड्यावर, देवळाच्या समोर, बांबूचे नाट्यगृह उभे राहते. खिळ्यांशिवाय, केवळ पट्ट्यांनी बांबू बांधून उंच-सखल कातळावर सपाट मंच काढणारे कारागीर नकाशाही फारसा वापरत नाहीत. या नाटकांना ‘देवकार्याची नाटके’ म्हणतात. मंचाचे तोंड देवळाकडे असते, कारण पहिली प्रेक्षक देवी आहे, आणि माणसे मधल्या जागेत बसून तिच्याबरोबर नाटक पाहतात. ज्यांची घरे केव्हाच शहरातल्या सरकारी इमारतींत गेली ती कुटुंबे त्या दिवसांत परत येतात.

फेरीबोटींच्या गर्दीला आणखी एक, कमी दिसणारे कारण आहे. एप्रिलच्या आरंभी येणारा छिंग मिंग, जो चांद्र तिथीवर नव्हे तर सूर्याच्या स्थानावर ठरतो, आणि नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशीचा छुंग येउंग या दोन सणांना चिनी कुटुंबे पूर्वजांची थडगी झाडून तेथे अन्न व धूप अर्पण करतात. चेउंग चाऊवर दफनभूमी आणि अस्थिकलशांच्या भिंती असल्याने त्या दिवशीही जादा बोटी सोडाव्या लागतात, आणि भाजलेले डुकराचे मांस, फळे व कागदी नोटांची पुडकी घेतलेली माणसे उत्सवाच्या दिवशी जितक्या उत्साहाने चढतात तितक्याच गंभीरपणे या दिवशी चढतात. जमिनीच्या टंचाईमुळे समुद्रात रक्षा विसर्जित करण्यासाठी सरकारी खात्यामार्फत विनामूल्य बोटीचीही सोय केली जाते.

बेटावरच्या देवाला बोटीने जाण्याचा हा नमुना दक्षिण चीनमधून बाहेर पडलेल्या लोकांनी आपल्याबरोबर नेला. सिंगापूरच्या दक्षिणेस सुमारे ५.६ किलोमीटरवर असलेल्या कुसू, म्हणजे ‘कासव’, बेटावर १९२३ साली बांधलेले तुआ पेक काँग या देवाचे देऊळ आहे, आणि नवव्या चांद्रमासात मरीना साउथ धक्क्यावरून भाविक तेथे जातात. बुडणाऱ्या एका मलय आणि एका चिनी खलाशाला वाचवण्यासाठी कासवाने बेटाचे रूप घेतले, अशी तेथील कथा. तिला शोभेल अशी गोष्ट म्हणजे देवळामागच्या टेकडीवर १५२ पायऱ्या चढून गेल्यावर मलय संतांच्या तीन कबरी लागतात, आणि चिनी यात्रेकरूही तेथे जाऊन नवस बोलतात. १९७५ साली भर घालून हे बेट ८.५ हेक्टरांपर्यंत वाढवण्यात आले.

हाँगकाँगच्या बेटांवर मात्र ज्या व्यवसायाने हे सण उभे केले तोच आता आटत चालला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होड्यांना यंत्रे आली, कमी माणसांत काम होऊ लागले आणि कुटुंबे जमिनीवर स्थिरावली. ३१ डिसेंबर २०१२पासून हाँगकाँगच्या पाण्यात ट्रॉल जाळ्यांनी, म्हणजे तळ खरवडत ओढल्या जाणाऱ्या जाळ्यांनी, मासेमारी करण्यास बंदी आहे. सण चालवणारी बरीच तरुण मंडळी आता शहरातल्या कचेऱ्यांत नोकरी करतात आणि रोज फेरीबोटीने जा-ये करतात, त्यामुळे सांगाड्याची कांब वाकवणे, पुरोहिताला साथ करणे, मनोऱ्यावर पाव रचणे ही कामे त्यांना रजा टाकून शिकावी लागतात. तरीही २०२० ते २०२२ या साथीच्या वर्षांत गर्दीचे कार्यक्रम बंद झाले तेव्हा चेउंग चाऊच्या मंडळींनी शांतीचे धार्मिक विधी मोजक्या लोकांत पार पाडले, आणि २०२३ साली मिरवणूक व चढाई पुन्हा सुरू झाली. उत्सव संपला की ताय सी वोंगची राख झाडली जाते, वाटलेले पाव घेऊन लोक धक्क्याकडे निघतात, आणि बंदराकाठच्या खाणावळींच्या टाक्यांत पुन्हा जिवंत मासळी सोडली जाते.